समुद्रतळावरचे उष्ण झरे: तिथे कोण राहतं आणि भारत तिथे काय शोधतोय

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत एका करारावर सह्या झाल्या. एका बाजूला भारत सरकार, दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण. अरबी समुद्र आणि वायव्य हिंदी महासागराच्या पोटात कार्ल्सबर्ग रिज नावाची डोंगररांग आहे. तिथल्या १०,००० चौरस किलोमीटर भागात 'पॉलिमेटॅलिक सल्फाइड' शोधण्याचा हक्क भारताला १५ वर्षांसाठी मिळाला. मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या रांगांसाठी असाच एक करार २०१६ मध्ये झाला होता. या कामाची जबाबदारी आहे गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राकडे.

बातमी आली की तांबं, जस्त, सोनं, चांदी हे शब्द चटकन डोळ्यांत भरतात. पण हे धातू तिथे गोळा कसे झाले? आणि ज्या जागी ते गोळा होतात तिथे आणखी कोण राहतं? माझ्या मते या बातमीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय 'खनिजं काढावीत की नाही' या वादात पडण्यात अर्थ नाही.

मुळात हे झरे होतात कसे

पृथ्वीचं वरचं कवच अनेक तुकड्यांचं आहे आणि हे तुकडे सतत सरकत असतात. महासागरांच्या मधोमध जिथे दोन तुकडे एकमेकांपासून दूर जातात, तिथे खालून तप्त शिलारस वर येतो आणि थंड होऊन नवा तळ तयार करतो. अशा जागी उभ्या राहिलेल्या डोंगररांगा सगळ्या महासागरांमधून सलग पसरल्या आहेत. त्यांची एकूण लांबी भरते ६५,००० किलोमीटरच्या आसपास. कार्ल्सबर्ग रिज हा त्यातलाच एक भाग.

या रांगांवरच्या खडकाला भेगा असतात. भेगांमधून समुद्राचं पाणी खाली मुरतं, शिलारसाच्या जवळ पोचतं, तापतं आणि तापता तापता बदलतं. त्यातलं मॅग्नेशियम खडकात राहतं, पाणी आम्लधर्मी होतं, आणि असं आम्लधर्मी तप्त पाणी खडकातलं लोखंड, तांबं, जस्त आणि गंधक विरघळवून घेतं. मग ते हलकं होऊन जोरात वर उसळतं आणि तळातून बाहेर पडतं. शास्त्रज्ञ याला हायड्रोथर्मल व्हेंट म्हणतात. आपण उष्ण झरा म्हणू.

कोकणात गणेशपुरी, उन्हेरे, राजापूर इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथेही पाणी भेगांतून खोल जातं आणि तापून परत वर येतं. मात्र कोकणात खाली शिलारस नाही. खोल गेल्यावर जमीन आपोआप उष्ण होत जाते, तेवढ्याच उष्णतेवर ती कुंडं चालतात. समुद्रतळावरच्या झऱ्यांचं पाणी बाहेर येताना ३५० ते ४०० अंश सेल्सियस असू शकतं.

इतकं तापलेलं पाणी उकळून त्याची वाफ का होत नाही? कारण दाब. घरच्या कुकरमध्ये दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढत जातो. म्हणजे अडीच हजार मीटरवर तो अडीचशे पट. तिथे ३५० अंशांचं पाणीही पाणीच राहतं.

हे पाणी बाहेर पडतं तेव्हा भोवतालच्या समुद्राचं तापमान असतं जेमतेम दोन अंश. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळताक्षणी विरघळलेले धातू गंधकाशी जोडले जाऊन बारीक काळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतात. लांबून पाहिलं तर काळा धूरच वाटतो, पण तो धूर नाही, जळणारं तिथे काहीच नाही. यातले काही कण तोंडापाशीच साचतात आणि त्यातून उभी पोकळ धुराडी तयार होतात. एखादं धुराडं एका दिवसात ३० सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर 'गॉडझिला' नाव दिलेलं एक धुराडं होतं, त्याची उंची ४५ मीटरच्या घरात गेली होती. पुढे ते कोसळलं. अशी धुराडी उभी राहतात, पडतात, पुन्हा उभी राहतात, आणि हजारो वर्षांत तिथे धातूंचा ढीग साठतो. करारात ज्याला पॉलिमेटॅलिक सल्फाइड म्हटलंय तो हा ढीग: गंधकाशी बांधले गेलेले अनेक धातू.

इथे एक घोळ नेहमी होतो. भारताच्या खोल समुद्रातल्या खनिजांची गोष्ट निघाली की अनेकांना 'मँगनीजचे गोळे' आठवतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'गवेषणी' जहाजावरून जानेवारी १९८१ मध्ये ते अरबी समुद्रातून वर काढले होते. ते वेगळे. मुठीत मावणारे ते गोळे सपाट तळावर पसरलेले असतात आणि लाखो वर्षांत कणाकणाने वाढतात. त्यांचा उष्ण झऱ्यांशी तसा संबंध नाही. नवा करार धुराड्यांच्या प्रदेशासाठी आहे.

१९७७: शोधायला गेले एक, सापडलं भलतंच

असे झरे असायला हवेत, हा भूवैज्ञानिकांचा अंदाज होता. तो तपासण्यासाठी फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक चमू प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांजवळ गेला. आधी कॅमेरे लावलेला एक सांगाडा तळाच्या जरा वरून ओढत नेला. एका ठिकाणी तापमान क्षणभर वाढलं आणि पुन्हा उतरलं. फिल्म धुतल्यावर दिसलं की नेमक्या त्याच ठिकाणच्या मोजक्या फोटोंमध्ये पांढऱ्या शिंपल्यांची दाटी आहे. अलीकडे-पलीकडे नुसता काळा खडक.

मग 'ॲल्विन' ही छोटी पाणबुडी तीन माणसांना घेऊन सुमारे अडीच हजार मीटर खाली गेली. त्यातले एक होते भूवैज्ञानिक जॅक कॉर्लिस. खोल समुद्राचा तळ वाळवंटासारखा असतो असं तोवर सगळे शिकत आले होते. समोर मात्र शिंपले, खेकडे आणि पुढच्या एका जागी लाल तुऱ्यांच्या उंच अळ्यांचे ताटवे. कॉर्लिस यांनी पाण्याखालच्या फोनवरून वरच्या जहाजावर विचारलं ते हेच, की खाली तर वाळवंट असायला हवं ना, मग इथे एवढे प्राणी कसे?

गंमत अशी की त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. प्राणी सापडतील अशी कुणाची कल्पनाच नव्हती. नमुने टिकवण्यासाठी बोटीवर थोडंसं फॉर्मेलिन होतं, ते पुरेना, म्हणून काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात ठेवावे लागले. तळाजवळून भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या उघडल्या तर सडक्या अंड्यांचा वास. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास होता, आणि पुढच्या सगळ्या कोड्याची किल्ली त्या वासातच होती.

त्या पहिल्या झऱ्यांचं पाणी कोमटच होतं. खरी काळी धुराडी दिसली १९७९ मध्ये, मेक्सिकोच्या किनाऱ्यापुढे. तिथे ॲल्विनने तापमान मोजायला कांडी पुढे केली, ती बाहेर आली तेव्हा तिचं प्लॅस्टिक वितळलेलं. दुरुस्त उपकरणाने मोजल्यावर आकडा आला ३८० अंशांच्या आसपास.

तोंड नाही, पोट नाही, तरी दोन मीटर वाढ

त्या लाल तुऱ्याच्या अळीजवळ जरा थांबू या. तिचं शास्त्रीय नाव रिफ्टिया. पांढऱ्या नळीत राहते, दोन मीटरपर्यंत वाढते, नळीच्या टोकाला रक्ताने भरलेला लालभडक तुरा. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात मेरेडिथ जोन्स यांनी तिला कापून पाहिलं, तर तोंड नाही, आतडं नाही, गुदद्वारही नाही. शरीराच्या मधल्या भागात एक मोठा तपकिरी, मऊ अवयव, आणि त्यात गंधकाचे बारीक स्फटिक.

जोन्स यांचं व्याख्यान ऐकायला हार्वर्डची एक विद्यार्थिनी बसली होती, कोलीन कॅव्हना. गंधकाचे स्फटिक ऐकताच तिला सुचलं की या अळीच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असले पाहिजेत. तिने नमुने मागून घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९८१ मध्ये ते सिद्ध करून दाखवलं. त्या तपकिरी अवयवाच्या एकेका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात.

व्यवहार असा चालतो. हिरवी झाडं उन्हाची ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात, त्यातून ऊर्जा मिळते, आणि ती वापरून तेही कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. याला रसायनसंश्लेषण म्हणतात. अळीचं काम कच्चा माल पुरवण्याचं. हायड्रोजन सल्फाइड आपल्याला जीवघेणं, कारण ते पेशींचं श्वसनच थांबवतं. रिफ्टियाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन एका जागी आणि सल्फाइड दुसऱ्या जागी धरतं, दोघांची वाटेत गाठ पडू देत नाही आणि दोन्ही जिवाणूंपर्यंत सुखरूप पोचवतं. हे जिवाणू आईकडून पिलाला मिळत नाहीत. कोवळ्या अळीच्या त्वचेतून ते समुद्रातून आत शिरतात, प्रत्येक पिढीत नव्याने.

रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी गंधकावर जगणारे जिवाणू १८८० च्या दशकातच ओळखले होते. पण त्यांच्या जिवावर मोठ्या प्राण्यांची अख्खी वस्ती उभी राहू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वनस्पती सगळ्या जीवसृष्टीचा पाया, हे आपण शाळेत घोकलेलं वाक्य १९७७ नंतर अपुरं ठरलं.

म्हणजे सूर्याची गरजच नाही?

ही शंका रास्त आहे, आणि 'अजिबात नाही' असं ठोकून दिलं जातं ते बरोबर नाही. रिफ्टियाच्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. तो खोल पाण्यात येतो वरून, आणि वर तो तयार होतो उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे. सूर्य विझला तर या अळ्याही आज ना उद्या संपतील.

पण त्याच झऱ्यांमध्ये असेही सूक्ष्मजीव आहेत जे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर जगतात आणि मिथेन सोडतात. त्यांना ऑक्सिजन नको. हायड्रोजन खडक आणि पाण्याच्या क्रियेतून मिळतो, त्यामुळे त्यांचा सूर्याशी तसा काही संबंध उरत नाही. असाच एक जीव जपानी शास्त्रज्ञांना हिंदी महासागरातल्या झऱ्यात मिळाला. प्रयोगशाळेत मोठ्या दाबाखाली तो १२२ अंशांना वाढताना दिसला. दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करताना आपण १२१ अंशांवर थांबतो.

आणि एवढ्या दाबाखाली, एवढ्या उष्णतेत प्राणी मरत कसे नाहीत? दाबाचं उत्तर सोपं आहे. त्यांच्या शरीरात हवेची पोकळी नसते, आत-बाहेर दाब सारखाच, त्यामुळे चिरडायला काही नसतं. उष्णतेचं उत्तर असं की प्राणी ३५० अंशांच्या धारेत बसतच नाहीत. धुराड्याच्या कडेला, भेगांतून कोमट पाणी झिरपतं तिथे त्यांचं घर असतं. काही सेंटिमीटर इकडे गेलं तर भाजून मरण, काही मीटर तिकडे गेलं तर उपासमार. या पट्ट्यात ते दाटीने राहतात.

आपल्या महासागरातले रहिवासी

हिंदी महासागरातले झरे उशिरा सापडले. २००० मध्ये जपानी यंत्राने मॉरिशसच्या पूर्वेला 'कायरेई' हे क्षेत्र पाहिलं. प्रशांत महासागरातली लाल तुऱ्याची अळी इथे नाही. इथे धुराड्यांच्या अंगावर कोळंबीचे थवेच्या थवे असतात.

आणि इथे एक गोगलगाय आहे, जी मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. २००१ मध्ये ती पहिल्यांदा दिसली. तिच्या मऊ पायावर खवले आहेत, शेकड्यांनी, कौलं रचावीत तसे एकावर एक. ते खवले आणि शिंपल्याचा बाहेरचा थर लोखंडाच्या सल्फाइडने मढलेले. लोखंड अंगावर वागवणारा दुसरा प्राणी आजवर माहीत नाही. जवळच्याच 'सॉलिटेअर' क्षेत्रातल्या याच जातीच्या गोगलगाई मात्र पांढुरक्या, कारण तिथल्या पाण्यात लोखंड कमी. तिच्याही अन्ननलिकेच्या ग्रंथीत जिवाणू पाळलेले असतात. त्यांना भरपूर ऑक्सिजन पोचवण्यासाठी तिचं हृदय शरीराच्या मानाने अवाढव्य मोठं झालंय.

२०१९ मध्ये ही गोगलगाय जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ती पहिली जात. तेव्हा ती जगात तीनच जागी माहीत होती आणि त्यातल्या दोन जागा खनिज-शोधाच्या करारांखाली होत्या.

तिथे पोचायचं कसं

समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी चालत नाहीत, जीपीएस चालत नाही. संपर्क फक्त आवाजाने, आणि साडेचार हजार मीटरवरून आवाज वर यायला तीन सेकंद लागतात. त्यामुळे शोध टप्प्याटप्प्याने होतो. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा करायचा. मग उपकरणं दोरावर ओढत न्यायची. झऱ्याचं गढूळ पाणी तळापासून शंभर-दोनशे मीटर किंवा त्याहून वर चढून आडवं पसरतं, त्यात गढूळपणा, तापमान, रासायनिक गुण यांत किंचित फरक दिसतो. तो माग काढत स्वयंचलित यंत्र तळाजवळ पाठवायचं आणि फोटो घ्यायचे.

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या आणि चेन्नईच्या संस्थांनी मिळून नेमकं हेच केलं. मध्य हिंदी महासागरातल्या रांगेवर, सुमारे ४,५०० मीटर खोलीवर, एका चालू झऱ्याचं छायाचित्र भारतीय मोहिमेने पहिल्यांदा टिपलं. तिथे एका चौरस सेंटिमीटरवर साडेचारशे किलोहून जास्त भार असतो.

माणूस पाठवण्याची तयारी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत चालू आहे. पाणबुडीचं नाव 'मत्स्य ६०००', क्षमता तीन माणसांची, लक्ष्य ६,००० मीटर. माणसं बसतात तो टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा सुमारे २.१ मीटर व्यासाचा, भिंत ८० मिलिमीटर जाड. आपल्या शरीरात फुप्फुसं आहेत, हवा आहे, म्हणून आपल्याला ही भिंत लागते. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या बंदरात तिच्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीय अटलांटिकमध्ये फ्रान्सच्या 'नॉटील' पाणबुडीतून खाली गेले, त्यातले एक ५,००२ मीटरपर्यंत.

निसर्गच झरे मोडतो, मग खाणीने काय बिघडतं?

खाणकामाच्या बाजूने हा मुद्दा हमखास येतो, आणि त्याला आधारही आहे. १९९१ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातल्या रांगेवर लाव्हा येऊन एक वस्ती जळाली. अडीच वर्षांनी पाहिलं तर तिथे दीड मीटर उंच रिफ्टिया उभ्या होत्या.

पण ती रांग वर्षाला साधारण ११ सेंटिमीटर फाकते. तिथे झरे सतत विझतात आणि जवळच नवे सुरू होतात. प्राण्यांना त्याची सवय आहे, पिल्लांना शेजारी घर मिळतं. कार्ल्सबर्ग रिज वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरच फाकते. अशा संथ रांगांवर झरे एकमेकांपासून लांब असतात आणि एकेक झरा हजारो वर्षं चालतो. तिथल्या प्राण्यांना उलथापालथीची सवय नाही. एक वस्ती खरवडली तर तिथे पुन्हा पिल्लं येतील कुठून, याचा हिशेब प्रशांत महासागरातल्या अनुभवावरून मांडणं चूक आहे.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की चालू झरे सोडून थंड पडलेल्या धुराड्यांचे ढीग काढावेत. हा मार्ग मला तुलनेने जास्त पटतो. थंड ढीग आकाराने मोठे असू शकतात आणि ३५० अंशांच्या पाण्यात यंत्रं घालणं तसंही अवघड. मात्र थंड म्हणजे निर्जीव नव्हे. तिथे संथ वाढणारे स्पंज आणि प्रवाळ राहतात. शिवाय खोदकामात उठणारा गाळ प्रवाहाबरोबर पसरतो, तो शेजारच्या चालू झऱ्यावर जाऊन बसू शकतो.

आणि फायद्याचं काय? पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात अशा ढिगांवर खाण काढायचा परवाना नॉटिलस मिनरल्स कंपनीला मिळाला होता. खाण सुरू होण्याआधीच २०१९ मध्ये कंपनी बुडाली, आणि त्या प्रकल्पात भागीदार असलेल्या तिथल्या सरकारचे पैसेही बुडाले.

मग हे शोधकामही थांबवावं का?

नाही. भारताकडे आहे तो शोधाचा करार, खाणीचा परवाना नाही. आंतरराष्ट्रीय पाण्यात खाणकाम कसं करायचं याचे नियमच जमैकातल्या त्या प्राधिकरणात अजून पूर्ण ठरलेले नाहीत. शोधाच्या करारात खनिजांबरोबर तिथल्या जीवसृष्टीची मूळ स्थिती नोंदवण्याचं बंधनही असतं. हे काम कुणीतरी केलंच पाहिजे, आणि आपल्या दाराशी असलेल्या समुद्रात ते गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी करावं यात मला आनंद आहे.

या माहितीची गरज खनिजांपलीकडेही आहे. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकमध्ये 'लॉस्ट सिटी' नावाचं क्षेत्र सापडलं. तिथे शिलारसाची भट्टी नाही. खडक आणि पाणी यांच्या क्रियेतूनच ४० ते ९० अंशांचं, हायड्रोजनने समृद्ध पाणी निघतं आणि ६० मीटर उंचीपर्यंतची पांढरी धुराडी उभी राहतात. असे झरे असावेत आणि जीवनाची सुरुवात त्यांच्यात झाली असावी, असं ब्रिटिश भूवैज्ञानिक मायकेल रसेल यांनी ते सापडण्याआधीच मांडलं होतं. हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि त्याला विरोध करणारे शास्त्रज्ञही आहेत. पण शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या बर्फाखालून उडणाऱ्या फवाऱ्यांत 'कॅसिनी' यानाला हायड्रोजन आढळला, हे २०१७ मध्ये जाहीर झालं. त्या बर्फाखालच्या समुद्रातही असे झरे असू शकतात.

माझं म्हणणं इतकंच की चालू झरे खाणकामातून सरसकट वगळावेत, आणि ही भूमिका भारताने नियम ठरण्याआधीच घ्यावी. २०१६ च्या कराराची मुदत २०३१ मध्ये भरते, नव्या कराराची २०४० मध्ये. तोपर्यंत कार्ल्सबर्ग रिजवर चालू झरे कुठे आहेत, त्यांच्यात अंतर किती, एका झऱ्यावरची पिल्लं दुसऱ्यापर्यंत पोचतात का, हे मोजून नकाशावर मांडलं गेलं पाहिजे. पुढच्या वेळी 'समुद्रात सोन्याचे साठे' अशी बातमी आली, तर साठा चालू झऱ्याचा की थंड ढिगाचा, हे त्यात लिहिलंय का ते आधी पाहा.